सरजाबाईच्या हातचं

सरजाबाई भ्रतार गोपाळ, बाप्तिस्म्याचं नाव अ‍ॅग्नेस, वय अंदाजे बासष्ट, धर्म ख्रिस्ती कॅथलिक, धंदा पूर्वी स्वयंपाक, सध्या राग. राहणार पेडगावच्या पुढची ख्रिस्ती वस्ती, तालुका व जिल्हा परभणी. बांधा सडपातळ, वर्ण सावळा, ओळखीची खूण उजव्या मनगटावर उकळत्या वरणाचा जुना चट्टा. सदर बाईचा राग मागील नऊ वर्षांपासून चालू स्थितीत असून सणासुदीलाही तो बंद ठेवण्यात आल्याचं आढळून येत नाही. सदर बाईविरुद्ध वस्तीत कोणाची तक्रार नाही. तिच्या हातचं कोणी खात नाही, इतकंच.

यातलं शेवटचं वाक्य कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरज पडली नव्हती.

चर्चशेजारी पूर्वी सिस्टरांचं मुलींचं वसतिगृह होतं. आता ते बंद आहे आणि त्याच्या अंगणात वस्तीच्या शेळ्या बसतात. तेव्हा मात्र तिथं पोरींचा गलबला असायचा आणि त्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक सरजाबाईकडं होता. कोठीची किल्ली किशनरावाकडं. किशनराव तिचा चुलत दीर, गोपाळपेक्षा धाकटा. धान्य आणणं, मोजून देणं, साठवणं हे त्याचं काम. शिवाय रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर माइकवर सूचना देणं हेही त्याचंच, कारण त्याचा आवाज भारदस्त होता आणि त्याचा त्याला पत्ता होता.

गुड फ्रायडेचा उपास जगभरचे कॅथलिक करतात. मांस वर्ज्य, एकवेळ जेवण, एवढाच त्यांचा नियम. पण ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकादशी करणाऱ्या गावांच्या मधोमध राहिलेली. उपास म्हटल्यावर साबुदाणा आणि भगर, हे तिनं कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. रोमला हे अद्याप कळवलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या गुड फ्रायडेला सरजाबाईनं भगरीच्या पोत्यात हात घातला आणि नाकाजवळ नेला.

"भाऊजी, हिला वास यायलाय."

"पोतं आहे ते, वास येणारच," किशनराव कोठीच्या दारातून म्हणाला. "दोनदा धुवा, तिसऱ्यांदा पाणी बदला आन् टाका. सिस्टरकडं नवी मागायला मी जाणार न्हाई. मागच्याच महिन्यात बोलणी खाल्लीत."

पोतं आदल्या पावसाळ्यापासून ओल्या भिंतीला टेकून होतं. ती भिंत गळते हे किशनरावाला माहीत होतं, सिस्टरांना माहीत नव्हतं. सरजाबाईनं भगर तीनदा धुतली आणि रांधली. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चालू असतानाच पहिली पोर उलटी करत बाहेर पळाली. अंधार पडायच्या आत जीपगाड्या परभणीच्या दवाखान्याकडं निघाल्या. सलाईन लागली, पोरी वाचल्या. ईस्टरच्या सकाळी सगळ्या खडखडीत बऱ्या होऊन परतल्या.

त्याच सकाळी मिस्सेनंतर किशनरावानं माइक हातात घेतला.

"प्रभूच्या कृपेनं सगळ्या पोरी सुखरूप आहेत. त्या भगरीबद्दल मी सरजाबाईला स्पष्ट सांगितलं होतं, की टाकून द्या. पण..."

'पण'च्या पुढं त्यानं फक्त मान हलवली. तिसऱ्या ओळीत बसलेली सरजाबाई उठून म्हणाली, "खोटं हाय!" पण तिचा आवाज दोन बाकड्यांच्या पलीकडं गेला नाही. त्याचा मात्र लिंबाच्या झाडाला बांधलेल्या भोंग्यातून शिवारभर गेला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बायकांनीसुद्धा ऐकला.

सरजाबाईचीही चूक होतीच. वास आला होता आणि तरी तिनं रांधलं होतं. त्याच आठवड्यात ती एकेका पोरीच्या आईबापाकडं गेली, पाया पडली, "मला वास आल्ता, मी चुलीवर चढवायला नको हुती," म्हणाली. म्हणजे सगळ्या प्रकरणात खरं बोललेली ती एकटी, आणि त्याचा परिणाम असा झाला, की लोक म्हणाले, बघा, कबूल करायलीय.

सिस्टरांनी तिला स्वयंपाकातून काढलं. पुढचं काम वस्तीनं केलं. ह्या वस्तीच्या आज्या-पणज्यांच्या हातचं पाणी एके काळी आसपासचं एकही गाव पीत नव्हतं. त्या अपमानाला कंटाळूनच वस्तीनं बाप्तिस्मा घेतला होता. तो प्रकार नेमका कसा करायचा असतो, हे त्यामुळं कुणाला शिकवावं लागलं नाही. तिचा चहा आला, की लोकांना आताच घेतलेला आठवायचा. बारशाला तिनं नेलेला शिरा तसाच परत यायचा, वर झाकण ठेवून. दत्ताच्या, म्हणजे तिच्या पोटच्या पोराच्या लग्नात तिला स्वयंपाकाच्या मांडवात पाय ठेवू दिला नाही. "वहिनी, तुमी नवरदेवाची आई, बसून राहा," असं किशनरावानं सगळ्यांदेखत प्रेमानं सांगितलं. गोपाळ त्यानंतर वर्षभरात गेला. पाहुणा आला, की सून सविता स्वयंपाकघरातूनच ओरडते, "मीच केलाय हो चहा!" सविता मनानं वाईट नाही. तिला वाटतं, आपण सासूची अडचण कमी करतोय.

असं चालू असताना पवित्र वर्ष आलं.

पोपनी रोममध्ये पवित्र द्वार उघडलं, पंचवीस वर्षांतून एकदा उघडतात ते. नव्या फादरांनी रविवारी समजावून सांगितलं. ते वसईकडचे, वय तिशीचं, मराठी छापील. रोमला जाणं सगळ्यांना शक्य नाही, म्हणून महागुरूस्वामींनी, म्हणजे बिशपांनी, आपल्या धर्मप्रांतात एक चर्च नेमून दिलंय. तिथं यात्रा करायची, पापनिवेदन करायचं, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, प्रार्थना करायची, म्हणजे पाप तर माफ होतंच, पण पापाची राहिलेली शिक्षाही माफ होते. पवित्र द्वार मात्र रोममध्येच, इथल्या चर्चचं दार हे साधं दार आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वस्तीनं ते दोन्ही वेळा ऐकलं आणि घरी जाऊन पवित्र द्वाराला बांधायच्या झेंडूच्या माळांबद्दल बोलू लागली.

"आणि जाण्याआधी," फादर म्हणाले, "ज्याला आपण दुखावलं, त्याच्या दारात जा."

हे वस्तीला चांगलंच कळलं. माफी मागायची तिची स्वतःची पद्धत आहे. चुकलेल्यानं दारात जाऊन चुकलं म्हणायचं, घरच्यानं तांब्याभर पाणी द्यायचं, ते चुकलेल्यानं तिथंच उभ्यानं प्यायचं. पाणी प्यालं, की मिटलं. मग तो विषय काढणारा दोषी. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या त्या आठवड्यात वस्तीत इतकं पाणी प्यालं गेलं, की दुपारनंतर लोक माफी मागायला टाळाटाळ करू लागले. चांगुणाबाईनं तर शेजारणीचा कोंबडा कापून खाल्ल्याचं कबूल केलं, जो कोंबडा शेजारीण मुंगसानं नेला म्हणून विसरून गेली होती. त्यावरून नवीन भांडण लागलं.

किशनराव आला तो भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. पांढरा सदरा, कपाळाला घाम. सरजाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. सवितानं लगबगीनं तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"वहिनी, पवित्र वर्ष हाय," तो म्हणाला. "काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाला."

"काय चुकलं?"

"आता जुनं कशाला उकरायचं..."

"किराणा दुकानात गेल्यावर काय पायजे ते सांगावं लागतं का न्हाई? सांगा. काय चुकलं?"

किशनरावानं मागं वळून रस्ता पाहिला. आवाज खाली आणला. भारदस्तपणा एवढा खाली येऊ शकतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"ती भगर... वापरा म्हणून मीच म्हणलो हुतो."

हे वाक्य ऐकलं की आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल, असं सरजाबाईला नऊ वर्षं वाटत आलं होतं. झालं उलटंच. मधूनमधून तिच्या मनात यायचं, की हा माणूस विसरला असेल. किंवा इतक्यांदा सांगून सांगून स्वतःच्या खोट्यावर याचा विश्वास बसला असेल. तसं काही नव्हतं. याला पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. गोपाळच्या मयतीत खांदा देतानाही ठाऊक होतं. तिच्या हातातली शेंग टरफलासकट चुरली.

तिनं उठून त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पाणी कढीपत्त्याच्या बुडात ओतलं.

"हे मैकवर सांगा."

"मैकवर?"

"खोटं मैकवर सांगितलं हुतं. खरं कामून कानात सांगायलात?"

"वहिनी, माझ्या राजेश्रीची सोयरीक चालू हाय. पावणे शिकलेले हायत. आता असं काही निघालं तर पोरीचं..."

"माझ्या दत्त्याच्या लग्नात मला मांडवात बसवून ठिवलं, तवा पावणे अडाणी हुते व्हय?"

"मी पापनिवेदन केलंय," किशनराव जरा ताठ होऊन म्हणाला. "देवानं माफ केलंय मला."

"देवाला कुणी स्वयंपाकातून काढलं हुतं का?"

यावर धर्मशिक्षणाच्या पुस्तकात उत्तर नसावं. तो निघून गेला. पण कोपऱ्यावर चांगुणाबाई भेटली तेव्हा त्यानं सांगितलं, "गेलो होतो बाई. पाया पडायची तयारी हुती. तिनं हातातलं पाणी काढून घेतलं." यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. संध्याकाळपर्यंत वस्ती हळहळली. किशनरावासाठी.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई फादरांकडं गेली. ते चर्चच्या व्हरांड्यात यात्रेच्या बसच्या जागा लावत बसले होते.

"फादर, किशनरावानं तुमाला काय सांगितलं?"

"मावशी, पापनिवेदनातलं मी प्राण गेला तरी बोलू शकत नाही. त्यानं काही सांगितलं की नाही, हेसुद्धा नाही."

"बरं हाय. त्याचं खोटं भोंग्यातून, आन् खऱ्याला कुलूप."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, क्षमेनं क्षमा करणाराच मोकळा होतो. प्रभू म्हणतो, सात वेळा नव्हे, सातांच्या सत्तर पट."

"सत्तर पट करीन. आधी एकदा तर नीट मागू द्या."

"मनात राग धरून यात्रा करणं म्हणजे..."

"तुमी माझ्या घरी घर आशीर्वादायला आल्ता," सरजाबाई मध्येच म्हणाली. "मागल्या वर्षी. सगळ्या वस्तीत चहा घेतला. माझ्याकडं काय घेतलं?"

फादर आठवू लागले, आणि आठवल्यावर त्यांच्या तोंडाचा रंग गेला. त्यांनी बिस्किटाचा पुडा घेतला होता. बंद पुडा. स्वतःच्या हातानं फोडून.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग, कारण माणूस मुळात प्रामाणिक होता, म्हणाले, "म्हणजे, मिशनच्या स्वयंपाकीणबाईनं एवढंच सांगितलं होतं, की त्या घरी जपून."

"कामून, ते विचारलं?"

"नाही."

"तुमी इथं येऊन दोन वर्षं न्हाई झाली, फादर. भगर तुमी बघितली न्हाई. तुमच्यापोतर पोचलीच की." ती उठली. "यात्रेत माझं नाव लावा. खिडकीची जागा द्या. मला मळमळतं."

यात्रेच्या सकाळी बस निघाली, पुढच्या काचेवर 'आशेचे यात्रेकरू' असा फलक. गाण्यांचं पुस्तक चांगुणाबाईच्या मांडीवर, भोंगा टपावर. किशनराव पहिल्या बाकावर बसून माइकवर माळेची प्रार्थना सांगत होता. सरजाबाई खिडकीशी, शेजारी कुणी नाही. मांडीवर फडक्यात बांधलेल्या दशम्या. दुधात मळलेल्या, सोबत लसणाची चटणी. पहाटे उठून तिनं त्या केल्या तेव्हा सविता म्हणाली होती, "आत्या, कशाला? कोण..."

सेलूच्या पुढं चिंचेखाली बस न्याहारीला थांबली. सगळ्यांनी सतरंजीवर आपापली फडकी सोडली. कुणाच्या पुऱ्या, कुणाची पिठलं-भाकरी, कुणाचे धपाटे. हात इकडून तिकडं फिरू लागले. सरजाबाईच्या फडक्याभोवती ते हात वळसा घालून जात होते, पाण्यात दगड असला की धार वळते तसे. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. अपेक्षा नव्हतीच. पण ती तशीच बसून राहिली, फडकं उघडं ठेवून.

आणि मग किशनराव उठला.

सगळ्यांदेखत तो चालत तिच्याकडं आला, खाली वाकला आणि फडक्यातली एक दशमी उचलली. डोक्याला लावली. अर्धी मोडून तोंडात घातली. चघळत चघळत हात जोडले.

मग कुणीतरी "प्रभू येशूची स्तुती असो," म्हणालं. चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय मन म्हणावं ह्या माणसाचं!" ती शेजारणीला म्हणाली. "तिनं पाणीसुद्धा दिलं न्हाई, आन् हा तिच्या हातचं खायलाय! माफ केलं त्यानं तिला!"

माफ केलं. त्यानं. तिला.

सरजाबाईला कानात आधी काही ऐकूच येईना. मग सगळं एकदम ऐकू आलं, चिंचेवरच्या साळुंक्यासुद्धा. ती उठली. राहिलेली अर्धी दशमी तिनं किशनरावाच्या हातातून ओढून घेतली.

"थूक."

"वहिनी..."

"वहिनी मेली तुझी. थूक ती. माझं खाऊन मोठा व्हायलास? सगळ्यांफुडं मला माफ करायलास? तू? मला?" तिचा आवाज फुटला, आणि फुटल्यावर वाढला. भोंग्याची गरज राहिली नाही. "त्या दिवशी कोठीच्या दारात काय म्हणलास ते म्हण आता. माझ्या ओट्यावर काय म्हणलास ते म्हण. म्हण, किशन! न्हाईतर उतरव तो फलक, आन् चल माघारी वस्तीवर!"

फादर उठून उभे राहिले होते. सगळ्यांना वाटलं, ते तिला आवरतील. किशनरावालाही वाटलं, त्यानं आशेनं त्यांच्याकडं पाहिलं. फादर चालत आले, सरजाबाईच्या फडक्यापाशी मांडी घालून बसले, एक दशमी घेतली, चटणीला लावली आणि खाऊ लागले. खाली मान घालून, डोळ्यांत पाणी आणून. चटणी तिखट होती.

किशनरावानं घास गिळला.

"भगर मीच दिली हुती," तो म्हणाला. "पोतं माझ्या हलगर्जीनं भिजलं हुतं. तिनं वास येतो म्हणून सांगितलं. मी म्हणलो, वापरा. टाकून द्या असं मी कधीच म्हणलो नव्हतो."

हे त्यानं नीट, ऐकू जाईल असं सांगितलं, याची नोंद घ्यायला हवी. राजेश्री सतरंजीच्या टोकाला बसली होती. ती बापाकडं बघत राहिली, आणि मग तिनं तोंड फिरवलं.

मग वस्तीला जे बोलता येतं ते वस्ती बोलली. "बोलायला काळीज लागतं," एकजण म्हणाला. "खरंच, केवढं धाडस," दुसरा म्हणाला. चांगुणाबाईनं लगेच आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून आणलं आणि सरजाबाईच्या हातात कोंबलं. "दे बाई त्याला. मिटव आता. पवित्र द्वारात जायचंय. ड्रायव्हर घाई करायलाय." आणि दोन-तीन हात, नऊ वर्षं न आलेले, फडक्याकडं सरकले. "दशमी मऊ झालीय हं, सरजाबाई."

सरजाबाईनं फडक्याची टोकं गोळा केली आणि गाठ मारली. फादरांच्या हातातली तेवढी राहिली.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आज माझ्याकडं कुणी मागू नका. दशमीबी न्हाई आन् दुसरंबी न्हाई."

"पण त्यानं तर सांगितलं ना आता!" चांगुणाबाई कळवळली. "आणखी काय पायजे तुला?"

"मला काय पायजे ते मी अजून ठरवलं न्हाई." तिनं पेला चांगुणाबाईला परत दिला. "त्याला नऊ वर्षं लागली बोलायला. मला ड्रायव्हरच्या टायमावर माफ कराया सांगायलात? करीन तवा करीन. ते माझं हाय. ते मला ठरवू द्या."

बस पुढं निघाली. माळेची प्रार्थना कुणी सांगितली नाही. टपावरचा भोंगा नुसताच खडखडत राहिला.

त्या महिन्याअखेर धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, समितीनं धर्मप्रांताला अहवाल पाठवला. लिहिणारा समितीचा चिटणीस. तो यात्रेत नव्हता. अहवालात असं म्हटलं आहे, की पवित्र वर्षानिमित्त काढण्यात आलेली यात्रा अत्यंत भक्तिभावात पार पडली. प्रवासादरम्यान वस्तीतील एक जुना गैरसमज सामोपचाराने दूर झाला. संबंधितांनी परस्परांस क्षमा केली. व सर्व यात्रेकरूंनी एकदिलाने चर्चमंदिरात प्रवेश करून पवित्र वर्षाच्या कृपेचा लाभ घेतला.

सरजाबाई आत गेली नाही.